पालच्या उतरणीवर

२२ जाने. ९५, रवि.
पहाटेची एस.टी., तिन्ही सायकली टपावर. पालला उतरलो तेव्हा दव. वरून जंगलातून खाली जाणारी पायवाट माझ्या मित्राने, दिलीपने (दि.) शोधलेली. सरळ खाली. सागाची पानं गळून वीतभर थर, त्याखाली सुटे दगड, मधे मधे कंबरेएवढ्या पायऱ्या. दि. बूड सीटच्या मागे नेतो, जवळजवळ चाकावर, आणि पाण्यासारखा उतरतो. मी निम्म्या ठिकाणी उतरून सायकल हातात धरली. लाज नाही वाटली. मजा आली.
जिजाजींची सायकल इंदूरहून आणलेली, अठरा गिअर. गिअर टाकता येत नाही. चढावर एका पोराकडून ढकलून घेतली. गुटख्याची पुडी पायवाटेवर, पिचकारी झाडावर. पाण्याची बाटली एकच उरली होती, तोंड लावून संपवली. वर म्हणे, "तुम्ही तरणे, तुम्हाला काय तहान!"
अक्का या माणसाबरोबर नऊ वर्षं जेवते.

५ फेब्रु., रवि.
आजचं आजच लिहून ठेवतो.
मोठ्या पायरीपाशी दि. थांबला. खालचा दगड हलतोय, उतरून जाऊ म्हणाला. मागून जिजाजींची घंटी. "अरे सोड! ब्रेक सोड! बायकांसारखा काय थांबला!" थांबेचनात, चाक त्याच्या चाकाला टेकवलं. दि. गेला. पुढचं चाक अडकलं आणि तो डोक्यावरून पलीकडे. हाड मोडल्याचा आवाज मला वर ऐकू आला. सुकी फांदी मोडावी तसा.
डावा पाय गुडघ्याखाली वाकडा. दि. ओरडला नाही. नुसतं, "विनू, मना पाय पाह्य ना."
जिजाजी पांढरेफटक. मग एकदम, "मी गाडी घेऊन येतो. तू बस याच्याजवळ." गेले. चालत उतरण्याच्या जागीही आज सायकलवर बसून गेले.
सागाची फांदी आणि सायकलची ट्यूब घेऊन पाय बांधला. सावली सरकत गेली. गाडी येईना. दि.ला थंडी भरली, माझा स्वेटर घातला. तरी तोच मला धीर देतोय, पळत गेलेत, येतील म्हणतोय. "येतीन ना, पयत गयात त्या."
ऊन उतरल्यावर खालच्या पाड्यावरचे नवरा-बायको लाकडाला आलेले दिसले. बाईनेच ठरवलं सगळं. नवऱ्याला बैलगाडीला पिटाळलं, दि.च्या पाठीला टेकू देऊन बसली. गाडी वाटेच्या तोंडापुढे येईना, तिथवर दि.ला पोत्यात घालून आम्ही तिघांनी उतरवला. प्रत्येक दगडाला तो दात खाई.
सडकेला लागलो आणि समोरून मॅटाडोर. पुढे ड्रायव्हरशेजारी जिजाजी.
"कुठे कुठे फिरलो गाडीसाठी! रविवार ना!"
ओठ लाल. पान खाल्लेलं.


६ फेब्रु.
दि.च्या पायात सळई टाकली. डॉ. म्हणाले उशीर झाला, सूज फार, नीट चालेल की नाही आत्ताच सांगता येत नाही.
जिजाजी बाहेरच्या बाकावर. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगताहेत. मी नसतो तर. मी धावलो म्हणून. बैलगाडी त्या गोष्टीत नाहीच. ती बाई तर नाहीच.

१२ फेब्रु., रवि.
दि.चे वडील दोंडाईच्याहून आले. खोलीवर दि. कॉटवर, पाय उशीवर. जिजाजींना खुर्चीवर बसवलं. टोपी, टॉवेल, नारळ. पोराला वाचवलं म्हणून सत्कार. "पाव्हनं, मना पोर्‍या तुमनामुयेच वाचना." वाकून पाया पडायला गेला आणि या माणसाने पाय मागे घेतले नाहीत!
टोपी नीट करून घेतली. आरशात बघून.
बोलणार होतो. माझ्या वडिलांनी, नानांनी, मनगट धरलं. जावई. अक्काचं घर. सगळं त्या एका धरण्यात. पेढा तोंडात होता, बाहेर येऊन गटारात थुंकला.

१५ फेब्रु., बुध.
आज ऑफिसखाली सावद्याचे काका भेटले, जिजाजींच्या नात्यातले.
"काय रे, पाच तारखेच्या रविवारी पोरीच्या साखरपुड्याले आला नाही तू? तुझे जिजाजी तर आले व्हते. सायकलवर! सारे हसू राह्यले. पोटभर जेवले, पान खाल्लं, मंग कोनाची तरी मॅटाडोर घेऊन गेले."
मी विचारलं, आले तेव्हा काही बोलले का? कोणाला लागलंय वगैरे?
"नाही बा. म्हनत व्हते, पोरं मागून येऊ राह्यली."
म्हणजे आम्ही तिथे, दि.चे दात वाजताहेत, आणि हा पंक्तीत. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. गाडी मिळाली नाही असं नव्हतं. गाडी दाराशी उभी होती. आधी जेवला.
भ्याला असता तर समजलो असतो. पळून घरी जाऊन पांघरूण घेतलं असतं तरी. पण भूक?
आज मला जेवण गेलं नाही. आई काळजीत.

१८ फेब्रु., शनि.
अक्का भुसावळहून एकटीच आली. पिशवी मोठी. नाना म्हणाले, "जावई?" "उद्या येतील घ्यायला."
दुपारी मला म्हणाली, दिलीपभाऊंना बघायला चल. वाटेत मी साखरपुड्याचं काढलं. घाबरत. वाटलं, गप्प बस म्हणेल.
ती चालत राहिली. मग, "मी तिथंच व्हती ना. सासूबाईंसंगं. आदल्या दिवसापासून."
मला माहीतच नव्हतं.
खोलीवर दि. उठून बसला, ताई बसा म्हणाला, चहा सांगू लागला. अक्का उभीच.
"दिलीपभाऊ, तुम्ही तिथं पडलेले व्हते तव्हा हे सावद्याले पंक्तीत व्हते. बट्टी मीच वाढली त्याहिले. अजून एक मागून घेतली. मी तूप सोडलं वरून. मले रात्री कळलं, तुमचं."

दि. माझ्याकडे बघेना. मग, "ताई, हाई माले काब्रं सांगं?"
"मंग कोणाले सांगू?"
तिचा आवाज चढला नाही. डोळ्यात पाणी नाही. चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं, गेले पंधरा दिवस माझ्या तोंडात आहे ते. तिच्या तोंडात किती वर्षांचं आहे कुणास ठाऊक.
"उद्या ते येतील. तुम्ही पण या जेवायले. विनू रिक्षा करेल. समोरासमोर बसा."
"मी काय बोलू, ताई?"
"काहीच नका बोलू. बसा फक्त. बोलायचं ते मी पाहीन."
  दि.च्या पायाखालची उशी सरकली होती, ती नीट करून दे म्हणाला मला.
घरी आल्यावर नाना जावयासाठी केळीचा घड उतरवायला मळ्यात निरोप धाडताहेत. अक्का तांदूळ निवडत बसली आहे.