जित्या लेकराला बांधत नाहीत

बसवनगुडी, बंगळूर
बुधवार, ता. २१ ऑक्टोबर १९६४

तीर्थस्वरूप सौ. पद्दक्का हिस,
धाकट्या अनूचा शिरसाष्टांग नमस्कार.

‘इकडील सर्व क्षेम’ असं लिहिलं आणि खोडलं. हाताला सवय आहे, त्याचा काय दोष. तुझ्या मनगटाची सूज उतरली का? हुबळीत चांगल्या डॉक्टरला दाखव, घरचा लेप लावून बसू नकोस.

आपले अण्णा बरे आहेत. पहाटे उठून स्तोत्रं म्हणतात, पण आता मनातल्या मनात. मोठ्यानं म्हणायचे ते तुझ्या मथूला जागं करायला. मागच्या आठवड्यात तिची दुधाची वाटी घासून त्यांनी उन्हात ठेवली आणि कावळे येतात म्हणून तिच्याशेजारी काठी घेऊन बसून राहिले. यंदा दसऱ्याला गोंबे मांडले नाहीत, बाहुल्यांची पेटी माळ्यावरून काढलीच नाही. आयुधपूजेला आमच्या सयाजी ड्रायव्हरनं संस्थेची व्हॅन धुतली, पुसली, पण हार घातला नाही. मी विचारलं तर म्हणाला, “अनूअक्का, हिला कुठल्या हातानं कुंकू लावू?” हल्ली मला सगळ्यांसमोर गप्प बसण्याचीच सवय झाली आहे.

भावोजींनी आमच्या संस्थेला लिहिलेलं पत्र पोचलं. धावत्या गाडीत खुर्चीचा पट्टा आपोआप सुटला आणि आमची मुलगी गेली. असल्या खुर्च्या दुसऱ्या कुणाच्या लेकरासाठी ठेवू नका, असं त्यांनी लिहिलं आहे. तू त्यांना जे सांगितलंस ते ऐकून कुठल्याही बापानं हेच लिहिलं असतं. आमच्या अध्यक्ष सोयराबाई ते वाचून रडल्या आणि डोळे पुसून म्हणाल्या, “काढा त्या खुर्च्या. पूर्वीसारखा जमखाना घाला, आया मुलांना धरून बसतील.” येत्या शनिवारी नव्हे, त्याच्या पुढच्या शनिवारी सभा आहे. तोवर व्हॅन बंद. पोलिओची पोरं घरात बसून आहेत, आणि ज्यांच्या पायांचा व्यायाम चुकतो त्यांचे पाय पुन्हा आखडू लागले आहेत.

म्हणून आधी त्या खुर्च्यांबद्दल लिहिते. तू कधी ऐकून घेतलं नाहीस. मथूला तू पायांच्या उपचारांसाठी आमच्याकडे ठेवलंस, दर चार-सहा महिन्यांनी येऊन बघत गेलीस, पण खुर्च्यांचं नाव काढलं की तू ताट घ्यायला उठायचीस.

व्हॅन मिळाली ती एका बेकरीची जुनी. पावाचा वास अजून जात नाही. मुलं आत चढली की नाक वर करतात. मागे बसायला काही नव्हतं. जमखाना घालून मुलांना बसवायचो. ज्यांच्या पायात जोर नाही, पाठीत जोर नाही, ती पोरं वळणावर नारळासारखी घरंगळायची. कामाला आया दोन, मुलं डझनभर. एकाला धरावं तर दुसरं सुटतं. एकाची हनुवटी फुटली, एकीचा दात पडला, आणि आम्ही ‘दृष्ट लागली’ म्हणत हळद दाबत राहिलो.

मग सोयराबाईंच्या ओळखीच्या एका अमेरिकन बाईंनी त्यांच्याकडची मुलांची सीट आणून दिली. लोखंडी नळ्यांची, पुढे खेळण्यातलं स्टीअरिंग. मोटारीच्या पाठीला दोन आकड्यांनी अडकवायची. दिसायला देखणी. तशा आणखी मागवायच्या तर आम्हाला परवडणार नव्हत्या, पण देणग्या गोळा करू असं सगळ्या म्हणू लागल्या. मी म्हटलं, आधी बघू तरी. मथूच्या वजनाचं रागीचं पोतं त्या सीटवर बसवलं, वर माझा जुना स्वेटर घातला. सयाजी म्हणाला, “हिचं नाव काय ठेवायचं?” नॅशनल कॉलेजच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर त्यानं गाडी पळवली आणि करकचून ब्रेक दाबला. सीट, स्टीअरिंग आणि पोतं सगळं आमच्या डोक्यावरून पुढे आलं. काचेपाशी रागीचा ढीग. सयाजी हसला नाही. मीही नाही. पण घरी येऊन तुला लिहिलं तेव्हा मी तो प्रसंग विनोदी करून लिहिला होता, तुला आठवत असेल.

थिएटरच्या मोडक्या खुर्च्या बघितल्या, त्या मोठ्या होत्या. शेवटी वेताच्या लहान खुर्च्या विणून घेतल्या, पाठीला फळी लावली आणि त्या बोल्टांनी गाडीच्या तळाला आवळल्या. राहिला पट्टा. साध्या नाडीची गाठ सुटते, चामड्याचा पट्टा मुलांना काचतो. जटक्याच्या घोड्यांचे साज शिवणारा रघुजी आहे ना, त्याच्याकडून जाड नवारीचे पट्टे शिवून घेतले, घोड्याच्या साजाचंच बक्कल लावून. ते बक्कल मागे ओढून जीभ बाहेर काढल्याशिवाय सुटत नाही. लहान मुलाच्या बोटांनी तर नाहीच. मी स्वतः, एवढी थोरली घोडी, त्या पट्ट्यात बसून बघितलं. मग पोतं बसवलं, आणि सयाजीनं पुन्हा पुन्हा ब्रेक दाबला. पोतं हललं, पण जागेवर राहिलं.

मथूची खुर्ची खिडकीजवळची. अक्का, तिला आधाराशिवाय बसता येत नव्हतं, हे मी तुला सांगायला नको. आपल्या घरात ती नेहमी कुणाच्या तरी मांडीवर. मांडीवरून काय दिसतं? आईची छाती, पदर, मंगळसूत्र. त्या खुर्चीत पट्टा लावला की तिची पाठ सरळ राहायची. पहिल्या दिवशी ती बराच वेळ नुसती बाहेर बघत होती. मग गांधीबझारात एका म्हशीला म्हणाली, “ए, सरक.” सगळी व्हॅन हसली. त्यानंतर रोज चढली की पहिलं वाक्य, “मावशी, बक्कल.”

आणि तू पहिल्यांदा ते पट्टे बघितलेस, तेव्हा तोंडाला पदर लावलास. “हे काय गं अनू? जित्या लेकराला बांधत नाहीत. बांधतात ते शेवटच्या दिवशी, तिरडीवर.” मी तेव्हा तुझी चेष्टा केली. म्हटलं, पाळण्यातल्या बाळाच्या दंडाला काळा दोरा बांधता, कमरेला करगोटा बांधता, ते चालतं वाटतं? तू म्हणालीस, “ते राखायला बांधतात.” मी म्हटलं, हेही राखायलाच. मला वाटलं, मी जिंकले.

त्या दिवसाबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण बाकीचं सगळं लिहून झालं.

महालय अमावास्या होती. तू आदल्या दिवसापासून म्हणत होतीस, पितरांच्या दिवशी लेकराला बाहेर काढू नका. हॉस्पिटलात तिच्या पायांच्या लोखंडी पट्ट्यांचं माप घ्यायला सोमवारच दिला होता, म्हणून मी ऐकलं नाही. मग तू म्हणालीस, मी बरोबर येते. तू मागे मथूच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसलीस. मी पुढे सयाजीच्या बाजूला. तिचं बक्कल मी स्वतः लावलं होतं.

लालबागच्या फाटकापाशी मला तिचा आवाज ऐकू आला. “अम्मा, बक्कल लाव.” मी मान वळवली. ती तुझ्या मांडीवर होती. पट्टा खुर्चीवरून खाली लोंबत होता. तू तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणत होतीस, “बेडा पुट्टी, आज नको. मी धरलंय ना.” ती पुन्हा म्हणाली, “लाव ना.” मी ‘अक्का’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात कुणाची तरी गाय रस्त्यात आली.

सयाजीनं ब्रेक दाबला. काही धडकलं नाही, अक्का. गायीला लागलं नाही, गाडीला पोचा नाही. बाकीची सगळी मुलं आपापल्या खुर्चीत होती, एकाच्याही अंगावर ओरखडा नाही. लहान गुंडो तर झोपेतून जागासुद्धा झाला नाही. फक्त मथू पुढच्या लोखंडी दांड्यावर गेली. आणि तू तिला किती घट्ट धरलं होतंस ते तुझ्या मनगटावरून कळतं. तुझ्या बांगड्या फुटून तुझ्याच हातात घुसल्या होत्या, तरी तू सोडलं नव्हतंस. कुणाच्याही हातात लेकरू राहिलं नसतं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, “पट्टा सुटला.” मी तिथेच उभी होते. सयाजीही होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. तुझा चेहरा असा होता की मी मान डोलावली. भावोजी रात्रीच्या गाडीनं आले, त्यांनाही तू तेच सांगितलंस. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. जाताना अण्णांच्या पाया पडलीस आणि माझ्यासमोरून निघून गेलीस. तुला वाटलं असेल, मला काही दिसलं नाही. किंवा दिसलं म्हणूनच.

आज मी नीट सांगते. मला दिसलं.

अक्का, तू मथूला मारलं नाहीस. तू तिला मांडीवर घेतलंस. आपल्यात जी म्हणून आई आहे तिनं अमावास्येच्या दिवशी ते बक्कल सोडलं असतं. मी आई असते तर मीही, कोण जाणे. पण म्हणूनच मला गप्प बसता येत नाही. एखाद्या दुष्ट बाईनं सोडलं असतं तर तिला गाडीत घेऊ नका म्हटलं असतं आणि संपलं असतं. इथे माया आडवी येते, आणि माया सगळ्यांच्या घरी आहे. खुर्च्या काढल्या तर ही सगळी पोरं मांडीवर जातील. आया त्यांना धरतील. तू धरलंस तसंच धरतील.

त्या शनिवारी मी सभेत उभी राहणार आहे. पट्टा सुटला नाही, सोडला, एवढं सांगणार. कुणी सोडला हे सोयराबाई विचारणारच, आणि मी तुझं नाव घेणार. सयाजीला मी यात ओढणार नाही. मालकांच्या घरातल्या बाईविरुद्ध बोलायला मी त्याला का लावू. भावोजींना ते दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी तू सांगावंस म्हणून हे पत्र सभेच्या आधी धाडते आहे. तू संस्थेला दोन ओळी लिहिल्यास तर त्याच वाचून दाखवीन, वर माझा एक शब्द घालणार नाही. नाही लिहिल्यास तरी मी सांगेन. हे मी तुला विचारत नाही, कळवते आहे. धाकटीनं थोरलीला असं लिहू नये, ठाऊक आहे.

भावोजी रागावतील. हुबळीत लोक बोलतील. ‘आईनंच’ असं म्हणतील, आणि ते शब्द माझ्यामुळे तुझ्या कानावर पडतील. त्याबद्दल तू मला क्षमा करावीस असं मी म्हणत नाही. पुढची दिवाळी, पुढचा श्रावण, आपल्या आईच्या श्राद्धाचा दिवस, यातलं मला काय काय उरेल याचा मी हिशोब केला आहे, आणि तो करून मग लिहायला बसले.

सोयराबाई ऐकतील की नाही, सांगता येत नाही. ऐकलं तर व्हॅन पुन्हा सुरू होईल. मथूच्या खुर्चीत होसकोट्याहून आलेली भाग्यलक्ष्मी नावाची मुलगी बसेल. तिची आईही बरोबर येणार म्हणते. गाडी निघायच्या आधी मी त्या आईला मथूची गोष्ट सांगणार आहे, तुझ्या नावासकट नव्हे, पण तिच्या नावासकट. आणि लालबागपाशी ती काय म्हणाली होती तेही.

अण्णांना अजून काही माहीत नाही. त्यांना तू सांग की मी, ते तू ठरव. एवढं एक तुझ्यावर सोडते.

बक्कल मी लावलं होतं, अक्का. नीट लावलं होतं.

तू म्हणशील तोवर तुझी बहीण,
आणि नाही म्हणालीस तरी मथूची मावशी,
अनू