जुईचा लांब ‘सा’

२१ सप्टेंबर २००२
गोल बाजारातून परतताना विसर्जनाचा बँड लागला. घरी येऊन जुईनं ती धून व्हायोलिनवर जशीच्या तशी काढली. एकदाच ऐकलेली! पण गज वाकडा, सूर किरकिरा. व्हायोलिनच्या सरांनी दिलेला लांब ‘सा’, एका गजात एकच सूर, वाजवतच नाही पोट्टी. काहून? तर "बोर होता है, आई." मी मराठीत विचारायचं, तिनं हिंदीत सांगायचं.

२६ सप्टें.
क्लास. सर म्हणाले, "कान देवाचा आहे हिचा. हात आळशी. दहाव्या वर्षी वळण लागलं नाही तर पुढे जड जाईल." रिक्षात रडली. मी नाही घाबरले. माझी पोट्टी मले ठाऊक आहे.

३० सप्टें.
एक नोव्हेंबरला, राज्याच्या वाढदिवसाला, शाळेत कार्यक्रम. आमचं शहर नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून शाळेतही मंत्री येतात. शाळेतल्या संगीताच्या मॅडमनी जुईला एक धावती धून दिली. पोट्टी हवेत! ‘सा’ बंदच. हे म्हणतात, "मस्त वाजवून राहिली की! काहून मागे लागतेस?" मस्त वाजवते, म्हणूनच.

३ ऑक्टो.
तिचं वाजवणं गुपचूप टेप केलं, तिलाच ऐकवलं. "ये मैं हूँ?"
"हव, तूच."
व्हायोलिन पेटीत टाकून गेली. नीट जेवली नाही. घाई झाली का माझी...

५ ऑक्टो.
अजून हात लावला नाही. मी पेटी नुसती पुसून ठेवली.

६ ऑक्टो.
पोळ्या लाटत होते, तर स्वतःच व्हायोलिन घेऊन स्वयंपाकघरात! म्हटलं, पोळी लाटून होईस्तोवर एकच गज, सूर तुटू द्यायचा नाही. पहिला गज पोळी अर्धी असतानाच संपला. मग माझ्यावरच, "आई, जल्दी बेलो ना!" हसलो दोघी. शेवटी ‘सा’ असा सरळ आला की माझं लाटणंच थांबलं.

१२ ऑक्टो.
आता पोळ्यांशिवायही चालू. सर नुसते "हं" म्हणाले. त्यांचं हं म्हणजे पुष्कळ.

२१ ऑक्टो.
जुईनं मॅडमना सांगितलं, धावती नको, संथ काहीतरी वाजवीन. मॅडम भडकल्या. "मंत्रीजी सो जाएँगे!" नाव कापते म्हणाल्या. मी उद्या येऊन बोलते म्हटलं, तर जुई,
"तुम मत आना. मैं बजाके सुनाऊँगी."

२२ ऑक्टो.
व्हायोलिन घेऊन गेली. फाटकाशी वळूनही पाहिलं नाही. ऑफिसातूनच लिहून राहिले, फाइल तशीच उघडी. आता मॅडम ऐकत असतील.