मातेचा मान

प्रिय सम्मेद,

फोन केला की तुझ्या हापिसातली पोरगी उचलते, आणि तू उचललास तर गोड बोलून मला गप्प बसवतोस. म्हणून हे पत्र. माझी शाळा चौथीपर्यंतची, चुका काढत बसू नको.

इकडं सगळं बरं हाय. आप्पांचा गुडघा दुखतोय, तरी पंचकल्याणक पूजेच्या मंडपाकडं रोज खेटे चालूच. तू दुबईत बसून पूजेच्या सवालात सगळ्यात मोठी बोली लावलीस आणि तीर्थंकरांच्या माता-पित्याचा मान आम्हा दोघांना घेतलास, तेव्हापासनं त्यांचे पाय जमिनीला लागत नाहीत. वडगावात चौकाचौकात तुझा फ्लेक्स लागलाय.

कौतुक मलापण हाय की. कॉलेजात असताना गोठ्यात ती कम्प्युटरवरची कॉइन काढायची मशिनं लावलीस. त्यांच्या गरमीनं आणि घरघरीनं म्हशीनं दूध चोरलं, तरी मी मशिनं नाही हलवली, म्हैस हलवली. मग राजारामपुरीत हापिस, मग दुबई, आणि आता स्वतःचं कॉइन. फुकट नाही झालं ते. तुझे डोळे किती खोल गेलेत ते मी बघितलंय.

परवा शेजारची शालूबाई आली. शाळेतनं आलास की तिच्याच चुलीपुढं बसायचास. म्हणाली, "राजमती, देवाच्या आईच्या जागी बसणार तू. तुझं पोरगं काय बुडवंल व्हय? सुनंच्या पाटल्या मोडून त्याच्या कॉइनात घालणार हाय." आणि वर विचारलं, "तू किती घातलंस?"

दूध उतू चाललंय असं सांगून मी आत गेले. गॅस बंदच होता.

दिवाळीत दुधाचे साठलेले पैसे तुझ्या कॉइनात घालू का म्हटलं, तेव्हा आप्पा बाहेर गेलेले बघून तू म्हणालास, "आई, तू नको घालू." का, ते मी विचारलं नाही. तुझं तोंड बघून कळलं.

आता ऐक. पूजेच्या आधी ये, आणि मला सांगितलंस तेच मंडपात माईकवरनं सगळ्यांना सांग. मग मातेच्या पाटावर मी बसेन. नाही आलास तर कमिटी दुसरी बाई बघंल, तसं कळवून ठेवलंय. आप्पा माझ्याशी बोलायचे बंद झालेत, होऊ देत. शालूबाईला पूजेपर्यंत थांब म्हटलंय. तुझ्यासाठी काकवी भरून ठेवलीय. तू नाही आलास तर शालूबाईला ते मीच सांगणार.

तुझीच,
आई