दोरी अंगणातून जाते

रविवार, ११ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

पोटभर आशीर्वाद. तुझ्या बायकोला थोडे जास्तच, कारण ती तुला सांभाळते. माझे गुडघे कुरकुरतात, पण शिवणयंत्र कुरकुरत नाही, म्हणजे ठीक चाललं आहे.

तू घराला गिऱ्हाईक शोधलंस, तुझ्याकडे माझ्यासाठी खोली रंगवून घेतलीस, सगळं कळलं. त्यावर सांगतेच. आधी मॅचचं ऐक.

मागचं मैदान आपल्या घराच्या बाजूला आखूड, ठाऊक आहे ना? म्हणून चेंडू आपल्या भिंतीपलीकडे गेला की फलंदाज बाद, असा इथला नियम. स्पर्धावाले टेप घेऊन आले आणि म्हणाले, या बाजूची सीमारेषा मागे न्या, नाहीतर सामने दुसरीकडे. कप्तान, म्हणजे आपला पोस्टमनच, माझ्या दारात टोपी चोळत उभा. शेवटी मीच म्हटलं, "अरे, पाडा ती भिंत आणि घ्या दोरी अंगणात!"

हो, तीच भिंत. हे गेल्यावर मी एकटी म्हणून तू सुट्टी काढून, उन्हात उभं राहून बांधून घेतलेली. रागावू नकोस. तू मायेनेच बांधलीस, पण तिच्याआड मला फार एकटं वाटायचं रे.

आता मॅच असली की सीमारेषेची दोरी स्वयंपाकघराच्या पायरीसमोरून जाते. मी वाळत घातलेले कपडे आधीच आत घेते. दोरीवरचं पांढरं कापडही मीच शिवलं आहे. आज कप्तानाने तिथेच उंच झेल घेतला. टाच दोरीला लागली का, ते पंचांना दिसलं नाही. त्यांनी मला विचारलं. कापड हललेलं मी पाहिलं होतं.

"लागली. षटकार," मी म्हटलं.

आपलीच टीम हरली! कप्तान कपाळावर हात मारून म्हणाला, "काकू, भिंत होती तेच बरं होतं!" आणि मग पायरीवर बसून माझ्याकडचा दोन कप चहा प्यायला.

अंगणातून सीमारेषा जाणारं घर तुझं गिऱ्हाईक घेणार नाही, हे भिंत पाडतानाच मला कळत होतं. खरं सांगू? बरंच वाटलं. मला इथेच राहायचं आहे. त्या खोलीत पाहुणी म्हणून येत जाईन, रंग वाया जायचा नाही.

पुढच्या रविवारी ये. मैदानातून सरळ मागच्या दारी ये, आता अडवायला काही नाही. फक्त दोरी ओलांडताना पाय नीट उचल. लागला तर मला कळतं.

मुक्काम इथेच,
तुझी ताई