मागितल्याशिवाय द्यायचं नाही

४ फेब्रुवारी

नवा नियम! थेरपीवाल्या मॅडम म्हणाल्या, "ठकू बोलत नाही ना, मग चित्र हातात देऊन मागू दे. मागितल्याशिवाय काही द्यायचं नाही." चित्रं भिंतीला खाली चिकटवली — पाणी, बिस्कीट, चेंडू, आणि कडेवर घेतलेलं बाळ, म्हणजे 'उचल'. पोर अडीच वर्षांची! "आत्ता कराल तेच कामाला येईल, नंतर हात चोळत बसाल." जो येतो तो हेच ऐकवतो. कुत्रं मागे लागल्यासारखी पळतेय मी.

९ फेब्रुवारी

बिस्कीट धरून बसले. ठकूने रडून रडून डोकं आपटलं. दिलं नाही. सासूबाई चोरून द्यायला गेल्या तर नवरा त्यांच्यावर खेकसला. "आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना!" म्हणत त्या तणतणत आत गेल्या. संताप झाला माझा. खरं बोलल्या म्हणूनच झाला.

१५ फेब्रुवारी

दिलं! पाण्याचं चित्र दिलं! मी नाचले. ती घटाघटा प्यायली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

२२ फेब्रुवारी

नणंद आली. शिकवणं-बिकवणं काही नाही — नुसती आडवी पडून ठकूच्या पोटावर तोंडाने फुर्र करत होती. काय खिदळत होती पोर! मी चेंडू घेऊन बसले, तर अंग ताठ. "वहिनी, तुला बघून परीक्षेला बसल्यासारखी होते गं ती."

जळफळाट झाला. हिचं काय जातंय! दोन दिवस लाड करायचे नि चालू पडायचं. उद्या ठकू आहे तशीच राहिली तर जग कुणाला धारेवर धरेल? आईलाच. मलाही फुर्र करायचंय की! पण मग तिच्या पायांचे व्यायाम कोण घेणार? डॉक्टरांना पाय दिसतात, मॅडमना तोंड दिसतं, काय काय येत नाही ते सगळ्यांना दिसतं. पोर कुणीच बघत नाही. मी तरी कुठे बघते?

२ मार्च

मॅडम खूश. म्हणे, "घरात छान शिस्त लावलीत हो." मेली शिस्त!

६ मार्च

ठकू पलंगावरून पडली. कपाळाला खोक. मी धावत गेले, हात पसरले — आली नाही. ओठ घट्ट मिटून भिंतीपर्यंत सरपटत गेली. 'उचल'चं चित्र ओढून काढलं, आणून माझ्या हातात दिलं.

मग रडली.