तीन निळ्या रेघा

३ फेब्रुवारी

आजपासून खरेदी बंद. संग्रह पूर्ण झाला. टी-शर्ट एकेचाळीस, जॅकेट नऊ, स्वेटशर्ट सहा, टोप्या सात, अ‍ॅप्रन एक. एकूण चौसष्ट. सगळे माझ्या जुन्या सॉफ्टवेअर कंपनीचे आणि सगळ्यांवर जुना लोगो, तीन निळ्या रेघांचा. पुढे कंपनीने रेघा दोन केल्या आणि तिथूनच उतरती कळा लागली, असं माझं मत आहे. अ‍ॅप्रन कँटीनचा आहे, पण रेघा तीन आहेत, म्हणून धरला.

बायको म्हणाली, हे तुम्ही ऑक्टोबरातही म्हणाला होतात. ऑक्टोबरात मी 'तूर्त बंद' म्हणालो होतो. फरक आहे.

५ फेब्रुवारी

बसस्टॉपवर एका माणसाच्या अंगात कंपनीच्या दहाव्या वर्षाचं जॅकेट. गॅरेजमध्ये काम करतो, बाहीला ग्रीस. हे जॅकेट त्या वर्षी फक्त इंजिनिअर मंडळींना मिळालं होतं. याला कुणा मेव्हण्याने दिलं म्हणे. मी माझा स्वेटर काढून दिला, त्याने जॅकेट दिलं. ही खरेदी नव्हे, अदलाबदल.

घरी पोचेपर्यंत सात शिंका. स्वेटर मुलीने पहिल्या पगारातून आणलेला होता. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पासष्ट.

९ फेब्रुवारी, रविवार

मुलगी बोलली. म्हणाली, बाबा, माझे कपडे खुर्चीवर आणि तुमच्या कंपनीचे माझ्या कपाटात, हा कुठला न्याय? मी म्हणालो, ते कपडे नाहीत, दस्तऐवज आहेत. मग ऑफिसात ठेवा, म्हणाली. मी सध्या विमा कार्यालयात फॉर्म तपासतो. तिथे माझा एक ड्रॉवर आहे, त्यात डबा मावतो.

मग विचारते, एवढे जमवलेत, घालत का नाही? नियम आहे. घातला की कॉलर ताणते, प्रिंटला चिरा जातात. शिवाय माझ्या मापाचा एकही नाही. जे शिल्लक राहतात ते एकतर फार लहान नाहीतर फार मोठे. मध्यम मापाची माणसं आपले कपडे झिजेपर्यंत वापरतात.

जाता जाता म्हणाली, यातला तुम्हाला कंपनीने दिलेला कुठला? मी म्हणालो, तसं बघितलं तर सगळेच.

तसं बघितलं नाही तर एकही नाही. आम्हा मॅन्युअल लिहिणाऱ्यांना कुठल्याच टीममध्ये धरत नसत. वाटप झालं की आमचा नंबर शेवटी, आणि शेवटी संपलेले असत. नऊ वर्षं. माझी तक्रार कधीच नव्हती. आत्ताही नाही.

१४ फेब्रुवारी

दवाखान्याच्या रांगेत कंपनीचे जुने कँटीनवाले भेटले. दोन मार्चला जुन्या लोकांचा मेळावा आहे, जेवणाचं काम त्यांच्याकडे आहे. त्यांनी विचारलं, तुम्हाला मेसेज नाही आला? मी म्हणालो, नंबर बदलला.

नंबर तोच आहे. पण कंपनी सुटल्यापासूनच्या अकरा वर्षांत लोकांचे फोन बदलतात, त्यात नंबर जातात. कुणाचा दोष नाही.

१५ फेब्रुवारी

मेळावा भरवणाऱ्या बाईंना फोन केला. कंपनीत एचआरला होत्या. म्हणालो, माझ्याकडे कंपनीचे जुने अस्सल कपडे आहेत, पासष्ट, मी ते घेऊन येतो आणि मांडतो. त्यांना फार आनंद झाला. म्हणाल्या, असं काहीतरी हवंच होतं. सगळे साइझ आहेत का, हे विचारलं. एवढी आस्था मी अपेक्षिली नव्हती. टेबल दाराजवळ देते म्हणाल्या, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांचं लक्ष जाईल. तुमची किती माणसं येणार, असंही विचारलं. मी म्हणालो, मी एकटाच.

बायकोने विचारलं, तुम्ही तिथे कामाला होतात हे सांगितलंत ना? सांगायचं काय त्यात. एचआरच्या बाई त्या. आवाजावरून ओळखलं असणार.

२० फेब्रुवारी

निश्चय: रोज पाच कपड्यांना इस्त्री. आज दोन. पाठ धरली.

प्रत्येक कपड्यासाठी एक कार्ड करतो आहे: साल, निमित्त, छपाई. 'आवृत्ती चार'च्या टी-शर्टचं कार्ड सगळ्यात लांब झालं. आवृत्ती चार कधी बाजारात आलीच नाही, टी-शर्ट आले. मॅन्युअलही तयार होतं. चारशे बारा पानं, मी लिहिलेलं. हे कार्डावर घालावं की नाही, यात संध्याकाळ गेली. नाही घातलं. विषय कपड्यांचा आहे.

२६ फेब्रुवारी

कार्डं तेवीसवर थांबली. उरलेलं तोंडी सांगेन.

कुणी दोन शब्द बोला म्हणालं तर तयारी असावी, म्हणून तीन मिनिटांचं भाषण लिहिलं. बायकोने लसूण सोलता सोलता ऐकलं. म्हणाली, सरांचं नाव चार वेळा आलंय. येणारच. सर आमचे मुख्य. एकदा लिफ्टमध्ये मला म्हणाले होते, चांगलं काम चाललंय. लिफ्टमध्ये आणखी दोघं होते, पण बघत माझ्याकडे होते.

आपल्याला कुणी ओळखावं म्हणून मी जात नाहीये, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

२ मार्च, सकाळी ८:१०

चार खोकी टॅक्सीत. साधा पांढरा शर्ट घातला, म्हणजे लक्ष कपड्यांकडे राहील. मुलगी म्हणाली, बाबा, निदान एक टोपी तरी घाला, कळेल तरी लोकांना. नियम म्हणजे नियम. बायको येऊ का म्हणाली. मी म्हणालो, कंटाळशील. सगळे जुन्या गोष्टी काढून बसतील, माझं तुझ्याकडे लक्ष राहणार नाही.

२ मार्च, संध्याकाळी ६

दमलो. क्रमाने लिहितो.

सव्वाशे लोक आले. निम्मे माझ्या ओळखीचे. टेबल खरंच दाराजवळ होतं, एका बाजूला पाण्याचे जार, दुसऱ्या बाजूला चपला.

आधी अकाउंट्सच्या बाई आल्या. एक टी-शर्ट उचलून अंगाला लावून बघितला आणि विचारलं, यात मीडियम आहे का. मी सालापासून सुरुवात केली. त्या म्हणाल्या, हो हो, पण मीडियम? तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, आपण भरलेल्या फीमध्येच आहे हे, घ्या बिनधास्त. मग वीसएक जण एकदम आले. मी दोनदा 'थांबा' म्हणालो. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने.

चार वर्षं माझ्या समोरच्या टेबलावर बसणारा माणूस आला. त्याने विचारलं, धुतल्यावर आटतं का हो? मी म्हणालो, थंड पाण्यात धुवा, उलटं करून. माहिती बरोबर आहे.

कार्डांवर कुणीतरी चहाचे कप ठेवले.

मग सर आले. केस सगळे पांढरे झालेत. दहाव्या वर्षाचं जॅकेट हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, अरे वा, हे कुठून मिळवलंत? इतक्या जवळून इतका सरळ प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. भाषण खिशात होतं. मी म्हणालो, बसस्टॉपवर.

ते हसले. जॅकेट घातलं. चेन पोटाशी अडकली, मी ती सोडवून दिली. माझा हात त्यांच्या पोटावर होता तेव्हा सांगता आलं असतं. पण अशा वेळी माणूस काय सांगणार. ते म्हणाले, चांगलं काम करताय. या वेळी आसपास दुसरं कुणी नव्हतं.

नंतर ग्रुप फोटो, घेतलेले कपडे अंगात घालूनच. सहा जणांनी आपापले फोन माझ्याकडे दिले. सहाही वेळा सगळे फ्रेममध्ये आले. पूर्ण संग्रह एका ठिकाणी, नीट मांडलेला. मला घरी कधी असा मांडता आला नव्हता.

निघताना एचआरच्या बाईंनी आभार मानले. म्हणाल्या, पुढच्या वेळी कॉफीचे मगही आणा.

परत एक खोकं आलं. तीन टोप्या आणि अ‍ॅप्रन.

बायकोने खोक्यात डोकावून बघितलं आणि विचारलं, तुम्ही बोललात का नाही? मी म्हणालो, गर्दी होती. ती म्हणाली, ओळखीच्यांची. मी म्हणालो, संग्रह लोकांपर्यंत पोचला, उद्देश तोच होता. तिने जेवण गरम केलं आणि स्वतःचं झालेलं असूनही माझ्यासमोर बसून राहिली.

३ मार्च

निश्चय: या विषयावर विचार करायचा नाही.

मुलीचे कपडे कपाटात गेले. तिने ते गुपचूप लावले, माझी पाठ वळल्यावर. मला दिसू नये म्हणून दारही हळू लावलं. विमा कार्यालयात अर्धी रजा टाकली, कारण 'पाठ'.

४ मार्च

दिवसभरात विचार केला नाही. फक्त दुपारी एक ते चार.

७ मार्च, सकाळी ११:४०

सरांचा फोन आला. स्वतःहून. नंबर एचआरच्या बाईंकडून घेतला म्हणाले. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो, नंतर लक्षात आलं.

जॅकेट घट्ट होतंय, याहून मोठं मिळेल का? त्या जॅकेटमध्ये त्याहून मोठं माप शिवलंच नव्हतं. मी म्हणालो, बघतो. सर म्हणाले, तुमचं नाव काय सेव्ह करू? मी सांगितलं. पूर्ण, आडनावासकट.

ते म्हणाले, गंमत बघा, आमच्याकडे अगदी याच नावाचा एक जण होता. मॅन्युअल लिहायचा. फार शांत माणूस. आता कुठे असतो कोण जाणे.

मी म्हणालो, असेल कुठेतरी.

फोन ठेवण्याआधी मी विचारलं, काम कसं होतं हो त्याचं? ते म्हणाले, खरं सांगू का, आम्ही कुणी कधी वाचलं नाही. पण तक्रार एकदाही आली नाही, म्हणजे चांगलंच असणार.

माप लिहून घेतलं. डबल एक्सएल.

बायकोने आतून विचारलं, कोण होतं? मी म्हणालो, सर. ती हात पुसत बाहेर आली. म्हणाली, ओळखलं का त्यांनी?

हो, म्हणालो. नावानिशी.