काचेपलीकडचे बाबा

सोमवार, ४ मार्च

नोकरी नुसती लागली नाही, पहिल्याच दिवशी आवडलीसुद्धा! बाईसाहेबांच्या घरामागे छोटीशी बाग आहे आणि तिच्याकडे तोंड करून माझं टेबल. ड्रॉवरला स्वतंत्र किल्ली. मी कुलूप लागतं की नाही हे पुन्हा पुन्हा बघत होते, तर बाईसाहेब म्हणाल्या की चोर यायच्या आधी तूच ते झिजवशील. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच असतात. पत्रं, फोन, घरातली कामं बघायला त्यांना कोणीतरी हवं होतं, आणि ती कोणीतरी मी!

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे सकाळी घरात नुसती लगीनघाई. आईने स्वतः विणलेला निळा स्वेटर घालायला लावला. बाबांनी माझे बूट इतके चमकवले की त्यात बघून भांग पाडावा. बाबांनी जन्मभर बेकरीची व्हॅन चालवली. पाठीने दगा दिला म्हणून आता घरी असतात. लहानपणी मला शेजारी बसवून ते दुकानांच्या पाट्या वाचायला लावायचे. मी पाट्यांतल्या चुकासुद्धा काढायचे, तेव्हापासून त्यांच्या तोंडी माझं नाव मास्तरीण. आज निघताना म्हणाले, मास्तरीण, पहिल्याच दिवशी बाईसाहेबांना छड्या मारू नकोस.

एकच गोष्ट टोचतेय. बाईसाहेबांनी सहज विचारलं, वडील काय करतात. मी म्हणाले, वाहतुकीच्या व्यवसायात होते. खोटं नाही हे. पण अगदी खरं असतं तर इथे लिहावंसं वाटलं नसतं.

पहिलं काम मजेचं आहे. बाईसाहेबांना जुनी विलायती गाडी घ्यायची आहे, राजेरजवाडे वापरत तसली. लहानपणी एकदा रस्त्याने जाताना पाहिली होती, तेव्हापासून मनात घर करून बसलीय म्हणे. गाडीतलं कळणारं कोणी ओळखीचं आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, आहे.

बुधवार, ६ मार्च

बाबांना घेऊन बाईसाहेबांबरोबर गाडी पाहिली. जुन्या गाड्या विकणाऱ्या दलालाच्या गोदामात एका कोपऱ्यात चादर ओढून ठेवली होती. चादर काढली आणि बाबांच्या तोंडून नुसता 'अगंबाई' एवढाच शब्द निघाला, तोही बायकी. काळा रंग असा की त्यात आपण बुडावं. आत अक्रोडाच्या लाकडाच्या फळ्या, हाताच्या तळव्यासारखं मऊ कातडं. पुढची आणि मागची सीट यांच्यामध्ये जाड काच. मागे मालक, पुढे ड्रायव्हर. मागच्या सीटजवळ रेशमी दोरीला टांगलेली बोलायची नळी आहे, तिचं तोंड हस्तिदंती. दलाल म्हणाला, मागून बोललेलं पुढे जातं, पुढून मागे काही येत नाही. वर असंही म्हणाला, की या नळीत बोललेलं कधी वाया जात नाही. विकणारा माणूस, बोलायचाच.

बाबांनी खाली वाकून, आडवं होऊन सगळं पाहिलं. खरं सांगायचं तर ते तपासत नव्हते, बघत होते. मग पुढे जाऊन बसले. मी आणि बाईसाहेब मागे. दलालाने दारातून डोकं आत घालून बाबांकडे बोट केलं आणि विचारलं, हे कोण?

उत्तर जिभेवर होतं. शेजारी बाईसाहेब, त्यांच्या अंगाला तो मंद वास, आणि वाहतुकीचा व्यवसाय. मी गप्प बसले. दलालानेच ठरवून टाकलं, ड्रायव्हर वाटतं. नळी माझ्या हातात दिली, बोलून तर बघा म्हणाला. आणि मी बोलले. "ड्रायव्हर, गाडी सुरू करा."

आरशात बाबांचे डोळे वर आले. क्षणभरच. मग त्यांनी गाडी सुरू केली.

बाईसाहेबांनी गाडी तिथल्या तिथे घेतली, आणि हाच माणूस चालवायला ठेवू म्हणाल्या. घरी येताना बाबा हसत होते. म्हणाले, हुकूम झकास सोडतेस गं मास्तरीण, पाव वाहण्यात जन्म गेला, आता बाईसाहेब वाहू. मी माफी मागायला लागले तर म्हणाले, वेडी आहेस का, तिथे तू मॅडम, घरी मास्तरीण, नोकरी नोकरीच्या जागी.

माझ्याकडून त्यांनी ते ओझं इतक्या अलगद उचलून घेतलं, की मला बरंच वाटलं. त्या बरं वाटण्याची आता लाज वाटते.

शनिवार, ९ मार्च

गाडी आली. डिकीत ड्रायव्हरचा राखाडी कोट आणि टोपी निघाली. कोट बाबांना असा बसला की शिंप्याने मापं घेऊन शिवावा. कॉलरला आतून काळा तेलकट डाग होता, अजून ओलसर. मी दलालाला फोन करून विचारलं, आधीचा ड्रायव्हर कुठे असतो. तो म्हणाला, तो तर शेवटपर्यंत गाडीबरोबरच होता. कोणाच्या शेवटपर्यंत, ते मी विचारलं नाही.

कोट धुऊन देते म्हटलं, तर बाबा नको म्हणाले.

मंगळवार, १२ मार्च

आज बँकेत, मग बाईसाहेबांच्या मैत्रिणीकडे. काच बंद असते. पुढचा आवाज येत नाही, इंजिनाचासुद्धा नाही. येताना बाईसाहेबांना डुलकी लागली होती. मी नळी तोंडाशी धरून हळूच विचारलं, बाबा, पाठ दुखतेय का? मान हलली नाही. पुन्हा मोठ्याने विचारलं. काही नाही. नळी बिघडली असेल म्हणून सहज म्हणाले, ड्रायव्हर, जरा सावकाश. लगेच टोपी लवली आणि गाडी सावकाश झाली.

उतरल्यावर विचारलं. ते म्हणाले, नळीत फक्त सावकाश म्हटलेलं ऐकू आलं. पाठीचं विचारलं तर म्हणाले, पाठ? ती कशाला दुखेल?

डॉक्टरांनी हात टेकले होते त्या पाठीपुढे. मला आनंद व्हायला हवा होता.

रविवार, १७ मार्च

आज सुट्टी, तरी कोट अंगावर. मी स्वयंपाकघरात गेले तर बाबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, बसा मॅडम. आई खो खो हसली. म्हणाली, अगंबाई, घरात साहेबीण आली की, मी कोण मग, मोलकरीण? मीही हसले. बाबा हसले नाहीत. आमचं जेवण होईपर्यंत दाराशी उभे होते. मग ताट घेऊन बाहेर जिन्यावर जाऊन जेवले. आईने टोमणा मारला, की रुसायचं तर सरळ रुसा, सोंगं कशाला. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं आपण दुसऱ्याच्या घरातल्या माणसाकडे पाहतो. अदबीने.

झोपताना आईने विचारलं, तिथे तू यांना काय म्हणतेस?

मी म्हणाले, बाबाच म्हणते.

गुरुवार, २१ मार्च

बाबा परवापासून घरी आले नाहीत. बाईसाहेबांच्या गॅरेजवर एक खोली आहे, तिथेच राहतात. आज आई डबा घेऊन गेली. ते गाडी पुसत होते. म्हणाले, मॅडम कामात आहेत, निरोप असेल तर सांगा. ती म्हणाली, अहो, मी. ते म्हणाले, कोण मी?

हे तिने मला एका दमात सांगितलं आणि भरलेला डबा रिकामा करून घासायला घेतला. घासतच राहिली. मी दाराशी उभी होते. वळून बघितलं असतं तर मी सगळं सांगून टाकलं असतं. तिने बघितलं नाही.

सोमवार, २५ मार्च

गॅरेजमध्ये गेले. बाकी सगळं त्यांना आठवतं. बेकरी, रस्ते, कुठल्या वळणावर व्हॅन बंद पडायची. मी विचारलं, तेव्हा शेजारी कोण बसायचं? म्हणाले, पावाच्या पाट्या. मी विचारलं, तुमच्या घरी कोण कोण असतं? म्हणाले, ड्रायव्हरला कसलं घर, मॅडम.

चिडून नाही म्हणाले. खाली बघत, नम्रपणे.

येताना गाडीत आरशात पाहिलं. टोपी दिसते, कॉलर दिसते. मध्ये जिथे डोळे असायचे तिथे—

प्रकाशामुळे असेल. काचेमुळे.

बुधवार, २७ मार्च

आज बाईसाहेबांना सांगितलं. उभं राहून, सगळं. रडले.

त्यांनी मला खुर्चीत बसवलं. मग म्हणाल्या, अगं, मला गाडी पाहिली त्याच दिवशी कळलं होतं. गोदामात तू गाडीखाली वाकलेल्या माणसाच्या डोक्याला लागू नये म्हणून बंपरवर हात धरून उभी होतीस. ड्रायव्हरसाठी असं कोण करतं? तुला लाज वाटतेय असं दिसलं, म्हणून मी गप्प बसले. तुझी झाकली मूठ कशाला उघडायची.

म्हणजे कोणाला फसवायचं नव्हतंच. कोणी विचारलंही नव्हतं. बाबांना मी फुकट दिलं.

बाईसाहेब म्हणाल्या, हे मला काय सांगतेस, त्यांना सांग.

नळीत सांगितलं. बाबा. बाबा, मी मास्तरीण. घसा बसेपर्यंत सांगितलं. काचेपलीकडे टोपी सरळच्या सरळ. तिथे आधी एक शब्द जाऊन बसलाय. दुसऱ्याला जागा नाही.

शुक्रवार, २९ मार्च

दलालाकडे गेले. गाडी परत घ्या म्हटलं. घेईन म्हणाला, पण ड्रायव्हरसकट. तो गाडीबरोबरच जातो.

हसला नाही.

आईला सगळं सांगितलं. ओरडेल वाटलं होतं. तिने माझ्या पायांतले बूट काढले आणि चिंधी घेऊन पॉलिश करायला बसली. बाबा करायचे तसे. म्हणाली, ज्या तोंडाने म्हणालीस त्याच तोंडाने, समोर बसून सांग. मागून नको.

काचेच्या अलीकडून नको. हे मला कसं सुचलं नाही—

रविवार, ३१ मार्च, सकाळ

गाडीत आहे. पुढे. बाबांच्या शेजारी, व्हॅनमध्ये बसायचे तशी. स्वेटर मुद्दाम तोच निळा. ते म्हणाले, मॅडम, पुढे बसायचं नसतं. मी हलले नाही. मांडीवर ही वही, लिहायचं थांबले तर धीर सुटेल.

गॅरेजचं दार उघडं आहे. समोर रस्त्यापलीकडे दुकानाची पाटी. मी मोठ्याने वाचली. चूक काढली. पुढच्या दुकानाची वाचली.

हात धरला त्यांचा. गार. मी म्हणाले, मी मॅडम नाही. मला लाज वाटली होती. तुमची वाटायला नको होती, वाटली. मी तुमची मुलगी.

वळले माझ्याकडे.

डोळे आहेत. बाबांचेच. पाण्याने भरलेले. ओठ हलतायत— मा— मास्—

नळीतून आवाज आला. पुढे, आमच्या कानाशी.

ड्रायव्हर, गाडी सुरू करा.

माझा आवाज आहे. मी तोंड उघडलेलं नाही. काच बंद. मागे वळले, सीट रिकामी. पण आरशात— आरशात निळा स्वेटर—

बाबा म्हणाले, जी, मॅडम. मागे बघून. मला नाही.

गाडी निघाली. दार उघडत नाही. आईने विणलेला, तोच, बाहीवर तोच चुकलेला टाका. आरशातली ती नळी तोंडाशी धरतेय. किती शांत बसलीय. मी अशी बसले होते का—

ती विचारतेय, शेजारी बसलीय ती कोण.

बाबा माझ्याकडे बघतायत. आठवायचा प्रयत्न करतायत, दिसतंय मला. बाबा, सांगा. सांगा ना. मी सांगितलं नव्हतं, तुम्ही तरी—

तोंड उघडलं. म्हणतायत, ही—